शेतकऱ्याच्या नावाने लिहिलेला खोटा अनुभव

प्रश्न : मी गंगापूर रोडवरच्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीत एसइओ बघतो. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट शेती निविष्ठांची कंपनी आहे. 'द्राक्ष डाऊनी उपाय' (डाऊनी म्हणजे द्राक्षवेलीवरचा केवडा रोग) असं कुणी गुगलवर शोधलं की त्यांचं एक बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला मदत करणारं उत्पादन, पहिल्या पानावर दिसलं पाहिजे, हे माझं काम. त्यासाठी एजन्सीने शेतीविषयक एका बंद पडलेल्या साइटचं डोमेन विकत घेतलं, त्यावर एआयकडून लिहून घेतलेले लेख चढवले आणि निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांचे 'अनुभव' टाकले. असे शेतकरीच नाहीत. साइटवर कंपनीचं नाव कुठेही नाही. साहेब म्हणतात, सगळेच करतात. परवा वडिलांच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचाच लेख आला. घराचे हप्ते चालू आहेत, नोकरी सोडता येत नाही. काय करू?
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : तुमच्या साहेबांना गुगलची काळजी आहे, मला त्या बागायतदाराची आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, कोवळी फूट असताना पाऊस झाला, की डाऊनी किती झपाट्याने पसरतो हे तुमच्या घरात सांगायला नको. फुलोऱ्यातला घड सापडला तर तो हातचा गेलाच. अशा वेळी माणूस रात्री मोबाईल उघडतो आणि सकाळी काय मारायचं ते ठरवतो. तुमच्या पानावर त्याला भेटतो 'निफाडचा एक शेतकरी', आणि तो सांगतो की बुरशीनाशकाची गरजच पडली नाही. कंपनीची जाहिरात असती तर याने दहा शंका काढल्या असत्या. शेजारच्या गावच्या शेतकऱ्यावर तो शंका घेत नाही. खोटं नाव टाकायचं ते नेमकं यासाठीच.

शिवाय हा नुसता नीतीचा प्रश्न नाही. बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात आणि त्यांच्या व्याख्येतून कीडनाशकं स्पष्टपणे वगळलेली आहेत. रोग आटोक्यात आणतो असं म्हणून काही विकायचं, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

या धंद्यातली प्रत्येक तडजोड मी एका मापाने मोजत नाही. विकतची लिंक घेणं, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्या साइटवर आपला दुवा टाकून घेणं, गुगलच्या नियमाविरुद्ध आहे, मला ते आवडत नाही, पण त्यापायी कुणाची बाग जात नाही. तुमच्याकडे जे चाललंय त्याने जाऊ शकते. म्हणून घासाघीस करायची तर इतर गोष्टींवर करा, खोट्या अनुभवांवर आणि 'डाऊनीवर उपाय' या दाव्यावर नको.

'सगळेच करतात' याला उत्तर साहेबांच्याच भाषेत द्या. २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट फसव्या पानांमुळे शोधातून काढून टाकली होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीच्या विकतच्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या. कंपनीने 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणत हात झटकले आणि आपल्या एसइओ एजन्सीला घरी पाठवलं. हे उदाहरण साहेबांना जरूर ऐकवा, कारण प्रकरण अंगाशी आलं तर तुमचा क्लायंटही नेमकं हेच करेल. आणि जुनी डोमेन घेऊन त्यावर भाराभर लेख चढवणं गुगलने मार्च २०२४ पासून नाव घेऊन स्पॅममध्ये धरलंय.

राजीनामा आज देऊ नका. आधी साहेबांना ईमेल करा, तोंडी बोलू नका. दोनच मुद्दे लिहा: बनावट अनुभव काढायचे, आणि रोगनियंत्रणाचा दावा काढायचा. सोबत पर्यायही द्या. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, कंपनीच्या नावाने, चांगल्या मराठीत पानं करू: उत्पादन कशासाठी आहे, कशासाठी नाही, लिटरला किती घ्यायचं, कशात मिसळायचं नाही. मराठीत अशी नीट माहिती शोधणाऱ्याला आजही सहज मिळत नाही, त्यामुळे ती वर यायला वाव आहे. क्रमांक हळूहळू चढेल, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा. नाहीच ऐकलं, तर दुसऱ्या क्लायंटचं काम मागा आणि बाहेर मुलाखती सुरू करा. एसइओ येणाऱ्याला नाशिकच्या बाहेरचंही काम घरी बसून मिळतं, हप्त्याची भीती थोडी त्या हिशेबाने बघा.

वडिलांशी मात्र आजच बोला. क्लायंटचं नाव सांगायची गरज नाही. हे डाऊनीवरचं नोंदणीकृत औषध नाही, एवढं ग्रुपवर टाकायला सांगा. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी, ज्याला बागायतदार 'ॲनेक्श्चर ५' म्हणतात, तीही सोबत टाका. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकलेली द्राक्षं त्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांना आठवत असतील; काय मारतोय ते तपासा म्हटलं, तर ते ऐकतील.