झोटेरोमध्ये दोन टिंबांचा यू आणि आडव्या रेघेचा ए कसा टाइप करायचा?

तुमचा प्रश्न असा, की माळेगावच्या खंडोबावर इंग्रजीत प्रबंध लिहिताय, संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेत, पण जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांच्या नावातल्या यूवरची दोन टिंबं काही केल्या येत नाहीत. मराठी ग्रंथनामं रोमन लिपीत देताना लागणाऱ्या रेघा-टिंबांचंही तेच. मग ती सोडून दिली तर चालेल का?

सोडू नका. छत्रपती संभाजीनगरला महानुभाव साहित्यावर काम करताना मी हेच केलं होतं. सोन्थायमरांची एक नोंद टिंबांसह होती, दुसरी टिंबांविना. लेखक-वर्ष पद्धतीच्या कंसात मग आडनावासोबत त्यांचं पहिलं नावही यायला लागलं, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं झाली. मार्गदर्शकांनी लाल खूण केली तेव्हा कळलं. ज्या माणसाने धनगरांच्या वाड्यांवर जाऊन म्हस्कोबा-खंडोबाचं मौखिक साहित्य गोळा केलं, त्याचं नाव तरी आपण नीट लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

झोटेरोत यासाठी वेगळं बटण शोधू नका. ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या संकेतनात साठवतं, त्यामुळे कुठलंही अक्षर त्याला चालतं. अक्षर आणायचं ते कीबोर्डातून. त्याआधी एक करून बघा: जादूच्या कांडीचं चिन्ह दाबून पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय हा ओळखक्रमांक टाका. बऱ्याचदा नाव खुणांसह आपोआप येतं आणि टाइप करायचं कामच उरत नाही.

हाताने टाकायचं असेल तर विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ठेवा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर ०२५२ दाबा, दोन टिंबांचा यू येतो. तिरक्या रेघेचा फ्रेंच ई हवा तर ०२३३. लॅपटॉपला ती पट्टी नसेल तर सेटिंगमधून यूएस इंटरनॅशनल कीबोर्ड जोडा; त्यात आधी दुहेरी अवतरणचिन्ह आणि मग यू दाबायचा. मॅकवर ऑप्शन आणि यू, मग पुन्हा नुसता यू.

तुमचं खरं काम मात्र आपल्याच शब्दांत आहे. दीर्घ आ, ई, ऊ यांच्यावरच्या आडव्या रेघा, ण, ट, ड, ष यांच्या खालची टिंबं ही अक्षरं यूएस इंटरनॅशनलमध्ये नाहीत. सोपा उपाय वर्डमध्ये आहे. ०१०१ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, दीर्घ आ मिळतो. ०१२बी म्हणजे दीर्घ ई, १ई४७ म्हणजे ण, १ई६३ म्हणजे ष, ०१५बी म्हणजे श. आकडे आणि अक्षरं इंग्रजी कीबोर्डवरचीच हवीत, मराठी चालू असेल तर काही होत नाही. ही युक्ती झोटेरोच्या चौकटीत चालत नाही, म्हणून वर्डमधून कॉपी करून तिथे पेस्ट करा. लागणारी दहा-बारा अक्षरं एका फाइलमध्ये साठवून ठेवा. मॅक असेल तर एबीसी एक्स्टेंडेड कीबोर्ड घ्या, ऑप्शन-एने रेघ आणि ऑप्शन-एक्सने खालचं टिंब येतं.

टाइप करण्याआधी रोमन लिप्यंतराची पद्धत ठरवा. संस्कृतवाले वापरतात त्या आयएएसटीमध्ये खाली टिंब असलेला एल म्हणजे ऌ. २००१ च्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत तेच अक्षर आपल्या ळसाठी आहे. ‘लीळाचरित्र’ लिहिताना हा फरक पहिल्याच शब्दात भेटतो. शिवाय दोन्हींत च साठी नुसता सी असतो, सीएच नाही. मराठीसाठी मी आयएसओ निवडली, कारण ळ शिवाय आपलं भागत नाही. मूळ देवनागरी नाव ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ठेवा, पुढे शोधायला कामी येतं.

एक त्रास उशिरा लक्षात येतो. ग्रंथालयांच्या सूचीतून उतरवलेल्या नोंदींत कधी अक्षर आणि खूण सुटी असतात: आधी ए, मग वेगळी रेघ. दिसायला सारखंच, पण काही फॉन्टमध्ये रेघ बाजूला सरकते आणि वर्डमध्ये शोधलं तर सापडत नाही. अशी नावं पुन्हा टाकलेली बरी. झोटेरोतून काढलेली फाइल कुणा मित्राच्या एंडनोट या तशाच सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना दोन टिंबांच्या यूऐवजी नागमोडी रेघेचा ए आणि पुढे पाव या अपूर्णांकाचं चिन्ह दिसलं, तर यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनातली फाइल चुकीच्या संकेतनात वाचली गेली आहे. हाताने दुरुस्त करत बसू नका, एंडनोटच्या आयातीच्या खिडकीत ‘टेक्स्ट ट्रान्सलेशन’मध्ये युनिकोड निवडून पुन्हा आयात करा.

आणि प्रबंध बाहेर टाइपिंगला देणार असाल तर श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट वापरू नका, युनिकोडच हवा, हे आधी बजावून सांगा. माझं एक प्रकरण तिथून परत आलं तेव्हा सगळी टिंबं चौकोन झाली होती, आणि जमा करायला चार दिवस उरले होते.

दुरुस्ती कायम झोटेरोतच करा आणि मग वर्डमधल्या झोटेरोच्या टॅबवर रिफ्रेश दाबा. संदर्भसूचीत थेट हाताने केलेला बदल पुढच्या रिफ्रेशला पुसला जातो.