सुया टोचून घेण्याआधी

या वेळी पत्रांमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचाच जोर आहे. एक मोठं पत्र सविस्तर घेतलंय, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : मी घणसोलीला राहते, वय ४६. मायग्रेन कॉलेजपासूनचं, पण आता महिन्यातले आठ-दहा दिवस डोकं धरून बसावं लागतं. न्यूरोलॉजिस्टच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी दिवसभर पेंग येते. माझी नणंद ठाण्याला नौपाड्यात अ‍ॅक्युपंक्चर घेते, तिला फरक पडला म्हणून माझ्या मागे लागलीये. मला साधं इंजेक्शन बघून घाम फुटतो. आमचे हे म्हणतात, सगळा मनाचा खेळ आहे. पहिल्या दिवशी नक्की काय करतात, दुखतं का, किती वेळा जावं लागतं?

उत्तर : आधी सुईचं बोलू, कारण खरी धास्ती तिचीच दिसतेय. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते, औषध जायचं असतं ना तिच्यातून. ही सुई भरीव आणि बरीच बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. बऱ्याच ठिकाणी ती प्लॅस्टिकच्या छोट्या नळीत घालून त्वचेवर टेकवतात आणि वरून बोटाने टकटक करतात, टोचलं म्हणेपर्यंत आत गेलेली असते. मग ते सुई किंचित फिरवतात, तेव्हा मात्र काहीतरी जाणवतं. जडपणा, मुंग्या, नाहीतर आतल्या आत ठणक, विशेषतः अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, आणि डोकेदुखीसाठी तो पॉइंट हमखास घेतात. ही ठणक त्यांना हवीच असते. पण कळ गेली किंवा आग झाली तर दात-ओठ खाऊन सहन करू नका, लगेच सांगा, सुई थोडी सरकवली की थांबतं.

पहिल्या दिवशी निम्मा वेळ बोलण्यातच जातो. झोप, पोट, पाळी, दुखणं डोक्याच्या कुठल्या बाजूला, सगळं विचारतात, दोन्ही मनगटांची नाडी बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात. तेव्हा जाण्याआधी बिटाची कोशिंबीर किंवा पान खाऊ नका आणि जीभ खरवडून लख्ख करू नका, त्यांना तिचा मूळ रंग बघायचा असतो. (नाडी-जिभेवरून ते जे निदान सांगतात त्याला विज्ञानाचा भक्कम आधार नाही, ऐकून घ्या, पण म्हणून एमआरआयचा रिपोर्ट कपाटात टाकू नका.) मग झोपवून हात, पाय, मान, कपाळ अशा ठिकाणी सुया लावतात आणि वीसेक मिनिटं तशाच ठेवतात. पंख्याखाली पडून राहायचं, हलायचं नाही, मोबाईल नाही. बऱ्याच जणांना चक्क डुलकी लागते.

उपाशीपोटी मात्र अजिबात जायचं नाही. तुमच्यासारख्या सुईला घाबरणाऱ्यांना चक्कर यायची शक्यता जास्त असते, म्हणून तासाभरापूर्वी पोळी-भाजी नाहीतर उपमा खाऊन जा, आणि पहिल्या वेळी मला झोपवूनच करा असं स्पष्ट सांगा. बाह्या आणि सलवार गुडघ्यापर्यंत सहज वर जाईल असे सैल कपडे घाला. सुया काढल्या की पाच-दहा मिनिटं तिथेच बसा, उठल्या उठल्या ठाणे स्टेशनचा ब्रिज चढून वाशी-पनवेलची गाडी पकडायला धावू नका.

आता ह्यांचं म्हणणं. ते पूर्ण खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणून अ‍ॅक्युपंक्चर दिलं त्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १०० पैकी १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांत ४१ जणांची. पण खोट्या सुया, म्हणजे नुसत्या टेकवलेल्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या, यांच्याशी ज्या वेगळ्या अभ्यासांत तुलना केली, तिथे खऱ्या सुयांनी १०० पैकी ५० जणांना आणि खोट्या सुयांनी ४१ जणांना तेवढाच आराम पडला, एवढाच फरक उरला. म्हणजे मनाचा वाटा मोठा आहे, सुईचाही थोडा आहे. माझं मत विचाराल तर महिन्यातले चार दिवस डोकं शांत राहत असेल तर श्रेय कुणाचं यावर घरात भांडायची गरज नाही, पण पैसे किती आणि किती दिवस घालायचे हे मात्र आधी ठरवा.

एका सिटिंगमध्ये निकाल लागत नाही. कुठला उपचार द्यावा हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या सूचनांमध्ये, मायग्रेन टाळायच्या नेहमीच्या गोळ्या चालत नसतील तर, ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंतचा कोर्स करून बघावा असं आहे. तेवढीच मर्यादा धरा. सुरू करायच्या आधीचा एक महिना भिंतीवरच्या कालनिर्णयवर डोकं दुखलेल्या प्रत्येक तारखेला गोल करा आणि कोर्स संपेपर्यंत तसंच चालू ठेवा. गोल कमी झाले नाहीत तर थांबा, नणंदबाईंना काय वाटेल याचा विचार न करता. आणि गोळ्या न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही, पेंग येते हे त्यांनाच सांगा, औषध बदलता येतं.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, आम्ही वर्तकनगरला असतो. पेसमेकर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गुडघ्यांसाठी एके ठिकाणी सुयांना वायर लावून करंट देतात असं कळलं. न्यावं का?

उत्तर : करंटवालं नको. पेसमेकर असताना इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर टाळतात, यात घासाघीस नाही. साध्या सुयांनाही आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा, रक्त पातळ असलं की काळंनिळं जास्त होतं. शुगर असून पाय बधिर असतील तर तेही सांगा. आणि गुडघ्याच्या झिजेसाठी याच नाइसने २०२२ मध्ये अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं म्हटलंय, त्यामुळे तोच पैसा चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकण्यात घाला. कंटाळवाणं आहे, बाबा कुरकुरतील, पण उपयोग त्याचाच.

प्रश्न : नेरूळच्या एका सेंटरमध्ये वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरा म्हणतात, वर बीपीची गोळी हळूहळू बंद होईल असंही सांगितलं. शिवाय, ही विद्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणली म्हणाले. खरं का?

उत्तर : बीपीच्या गोळीबद्दल असं बोलणाऱ्याकडे एकही सिटिंग घेऊ नका, पॅकेज तर दूरच. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजायचं कशाला. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्या समोर फोडलं पाहिजे आणि वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा बंद डब्यात गेल्या पाहिजेत. ‘तुमच्याच सुया धुऊन ठेवतो’ म्हणणाऱ्यांना हात जोडा. कोटणीसांचं म्हणाल तर सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले ते त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय बसू, तेही पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी.

प्रश्न : कालच्या सिटिंगनंतर पोटरीवर निळा डाग पडला आणि दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं. घाबरायचं का?

उत्तर : नाही. डाग आठवडाभरात जाईल, गळून जाणं एक-दोन दिवसांत. पण छाती, पाठ किंवा खांद्यावर सुया घेतल्यावर दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचायला लागलं, मग त्याच रात्री का असेना, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका. असं फार क्वचित होतं, पण सुई फुफ्फुसापर्यंत गेलेली असू शकते. सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि सुया कुठे घेतल्या होत्या ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.