आणलं तेव्हा लाल होतं, आता हिरवं झालं! रंगीत पानांच्या झाडांवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की फुलांच्या मागे न लागता बारा महिने रंगीत राहणाऱ्या पानांची झाडं लावा, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. त्यातल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच आहे, शीर्षकात दिलीये तीच. तिथूनच सुरू करू.

ताई, क्रोटन आणलं तेव्हा लाल, केशरी, पिवळं असं मस्त होतं. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं तर आठवड्यात निम्मी पानं गळाली आणि आता नवीन येतायत ती हिरवीच. कुठलं खत घालू?

खत अजिबात नको! यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. पानं गळाली ती जागा बदलल्यामुळे. क्रोटन हे भयंकर रुसकं झाड आहे, उजेड कमी झाला, हवा कोरडी मिळाली, गार वारा लागला की पानं टाकून मोकळं होतं. घाबरायचं नाही, खोडावर नखाने जरासं खरवडून बघा, आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. फक्त आता दर दोन दिवसांनी कुंडी इकडून तिकडे फिरवू नका, एकदाच काय ते हलवा.

कुठे हलवायची, तर खिडकीपाशी, जिथे सकाळचं दोन-चार तास ऊन येतं. कारण दुसरी गोष्ट रंगाची आहे. पानातला हिरवा रंग म्हणजे झाडाचा पोटापाण्याचा धंदा, लाल-पिवळा म्हणजे अंगावरचे दागिने. अंधाऱ्या कोपऱ्यात पोट भरायचीच मारामार, मग दागिने कोण घालणार? झाड सगळी ताकद हरितद्रव्य वाढवण्यात लावतं. उजेड मिळाला की रंग येतो, पण हिरवी झालेली जुनी पानं फारशी बदलणार नाहीत, नवीन पानांकडे बघा. आणि क्रोटनचं कोवळं पान बरेचदा हिरवट-पिवळंच निघतं, लाली नंतर हळूहळू चढते, त्यामुळे पहिलं पान हिरवं आलं म्हणून लगेच निराश होऊ नका. एकदम कडक उन्हात मात्र नेऊन ठेवू नका, पानं भाजतील, पंधरा दिवसांत थोडं थोडं करून सवय लावा. तापमान १०-१२ अंशांच्या खाली जाणार असेल तर रात्री आत घ्या.

छाटताना चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही हे मी दोन कुर्ते घालवून शिकलेय, आणि काहींच्या त्वचेला त्याने खाजही येते. अजून एक गंमत, वनस्पतीशास्त्रात क्रोटन नावाची प्रजाती वेगळीच आहे, आपलं हे झाड म्हणजे कोडियम व्हेरिगेटम. म्हणून पुस्तकात क्रोटन शोधलं की भलतंच झाड समोर येतं.

पिंक काँगो नावाचं गुलाबी पानांचं फिलोडेन्ड्रॉन घेतलं, सहा-सात महिन्यांत पूर्ण हिरवं झालं. उजेड भरपूर आहे. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. तो गुलाबी रंग झाडाचा स्वतःचा नसतोच, विकायच्या आधी रसायन वापरून आणलेला असतो आणि त्याचा असर संपला की नवीन पानं हिरवी येतात. परत गुलाबी होणार नाही. झाड चांगलं आहे, हिरवं म्हणूनच ठेवा. गुलाबी रंगाचीच हौस असेल तर पिंक प्रिन्सेस घ्या, त्यातला गुलाबी खरा आहे, फक्त प्रत्येक पानावर किती येईल ते झाडाच्या मर्जीवर!

पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं. कोंब आले पण पिवळी कड गायब, साधी हिरवी पानं. उजेड कमी पडला का?

नाही हो, इथे उजेडाचा काही संबंध नाही आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्या पिवळ्या कडेच्या जातीत दोन प्रकारच्या पेशी एकाच झाडात शेजारी शेजारी राहतात, काही हरितद्रव्य बनवतात आणि काहींना ते जमत नाही, कडेची पट्टी म्हणजे ही न जमणारी मंडळी. अख्खा कोंब गड्ड्यातून वर येतो तेव्हा दोघी आपापल्या जागी येतात म्हणून पट्टी दिसते. पण पानाचा तुकडा मातीत खोचला की नवीन कोंब आतल्या हिरव्या पेशींतून फुटतो आणि पट्टी मागेच राहते. म्हणून अशा झाडाची रोपं करायची तर कुंडीतून काढा, मुळांमधला गड्डा धारदार सुरीने कापून वेगळा करा, काप एक-दोन दिवस सुकू द्या आणि मग लावा. (सॅन्सेव्हेरिया हे त्याचं जुनं शास्त्रीय नाव, २०१७ पासून ते ड्रेसिनात धरतात. लेबलवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.)

पट्टे जाण्याचा अजून एक प्रकार आहे. चट्ट्यापट्ट्यांच्या झाडाला मध्येच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती दिसल्या दिसल्या बुडापासून काढा, कारण तिच्यात हरितद्रव्य जास्त, ती जोरात वाढते आणि रंगीत फांद्यांना मागे टाकते. लोक जीव अडकल्यासारखे ती फांदी ठेवतात आणि दोन वर्षांनी विचारतात की झाड हिरवं कसं झालं.

कॅलेथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. दिवसातून चार वेळा पाणी फवारते तरी तेच.

फवारा थांबवा. मीही हेच करायचे, बाटली घेऊन मागे लागायचे, शिवाय माती सुकली नसतानाही पाणी घालायचे, शेवटी मुळंच कुजली. फवाऱ्याने दहा मिनिटं दमटपणा येतो आणि जातो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकत्र दाटीने ठेवा, एसी आणि पंख्याच्या थेट झोतापासून लांब. दुसरं कारण पाणी. कॅलेथिया, ड्रेसिना, कॉर्डिलाइन यांना पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत, ते पानांच्या टोकाशी साठून टोकं जळतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं पण फ्लोराइड जात नाही, पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात उत्तम. जळलेली कड परत हिरवी होणार नाही, कात्रीने पानाच्या आकारात कापून टाका.

फारच कोरडी हवा असेल तर काचेची बंद पेटी हा जुना आणि खरा उपाय, आतला दमटपणा आतच राहतो. १८२९ मध्ये लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी बंद बाटलीत मातीसकट पतंगाचा कोष ठेवला होता, तर त्या मातीतून नेचा उगवला! मग १८३३ मध्ये त्यांनी बंद काचेच्या पेट्यांतून झाडं जहाजाने सिडनीला पाठवली, ती जिवंत पोचली. पुढे पानांची कितीतरी झाडं अशाच पेट्यांतून एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली.

सदाहरित म्हणून घेतलं आणि खालची पानं पिवळी होऊन पडतायत?

सदाहरित म्हणजे पान कधीच पडत नाही असं नाही, सगळी एकदम पडत नाहीत एवढंच. महिन्याला एखाद-दुसरं खालचं पान गेलं तर चालतं. वरची कोवळी पिवळी पडली तर मात्र कुंडीच्या तळाचं भोक तुंबलंय का ते आधी बघा.

आमच्याकडे कडक थंडी पडते, ही सगळी झाडं उष्ण हवेतलीच दिसतात. बाहेर बागेत असं काही जमेल का?

जमेल. न्यूझीलंडचं फॉर्मियम घ्या, तलवारीसारखी तांबडी, जांभळी, पट्टेरी पानं, दिसायला अगदी उष्ण बेटावरचं वाटतं पण हलकं हिमतुषार सहज सोसतं. पायथ्याशी ह्युकेरा लावा, उत्तर अमेरिकेतली आहे, जांभळ्यापासून केशरीपर्यंत सगळे रंग, अर्धवट सावलीतही छान. तिचा बुडखा दोन-तीन वर्षांत मातीच्या वर उचलला जातो, तेव्हा उपटून जरा खोल लावायची. दोघींनाही गारठ्यापेक्षा साचलेलं पाणी जास्त मारतं, म्हणून निचरा आधी बघा. कॅलॅडियम मात्र बारा महिने रंगीत राहणाऱ्यांच्या यादीत धरू नका, कितीही सुंदर असलं तरी ते कंदात झोपी जातं, कुंडी काही महिने रिकामी.

घरात मांजर आहे. अ‍ॅग्लोनेमा आणि डिफेनबॅकिया ठेवावं का?

हाताला, म्हणजे पंजाला, न लागेल असं उंच ठेवा, नाहीतर नकोच. दोन्हीच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड जळतं, सुजतं. लहान मुलांनाही तेच लागू. मांजर असेल तर कॅलेथिया ठेवा, त्याचा त्रास नाही.

कोलियसला निळसर तुरे आलेत, सुंदर दिसतायत. ठेवू ना?

खुडा. तुरा आला की पानं बारीक होतात आणि झाड लंबूळकं होतं. शेंडेही खुडत राहा आणि खुडलेले शेंडे टाकू नका, पाण्याच्या ग्लासात ठेवा, एक-दोन आठवड्यांत मुळं येतील. म्हातारं झाड टाकायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे चार नवी तयार असतील.