जुनी अमेरिकन नाट्यगीतं शोधताय? इथून सुरुवात करा

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या गर्श्विन संग्रहात (संगीतकार जॉर्ज आणि गीतकार आयरा या भावांचा) एकदम उडी मारू नका, नवखा माणूस तिथे हरवतो. आधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेस्टर लेव्ही संग्रह घरबसल्या उघडा. स्वरलिपीसह छापलेली २९,००० हून जास्त गाणी आहेत, १७८० पासूनची. ब्रॉडवेचं (न्यूयॉर्कमधला नाट्यगृहांचा भाग) एकच जुनं नाटक निवडा आणि त्यातल्या गाण्याच्या छापील प्रतीचं मुखपृष्ठ सावकाश वाचा. निर्माता, कलाकार आणि बऱ्याचदा त्याच नाटकातल्या इतर गाण्यांची यादीही तिथेच मिळते. नाटक न्यूयॉर्कला पोचायच्या आधीच गाणी छापली जात, त्यामुळे पुढे वगळलेलं एखादं गाणं या यादीत सापडतं. मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो!

सुरुवातीच्या चुका:

- छापील प्रतीलाच रंगमंचावरचं संगीत समजणं. ती बहुधा घरच्या पियानोसाठी केलेली असते. वाद्यवृंदाचं लेखन वेगळं.
- फक्त संगीतकाराच्या नावाने शोधणं. गीतकारही घाला.
- सगळं ऑनलाइन असेल असं धरून चालणं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटर शाखेत १९७० पासून नाट्यप्रयोगांचं चित्रीकरण जपलंय, पण ते तिथे जाऊनच बघावं लागतं.

हस्तलिखितांचं नंतर बघू. अडलात तर ग्रंथपालांना बेधडक ईमेल करा, फक्त प्रश्न नेमका विचारा.