५६ व्या वर्षी टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर इंजेक्शन सुरू करावं का?

गुरुजी, प्रश्न नीट वाचला तुमचा. वय ५६, झेडपीच्या शाळेवर आहात, वर्षभरापासून थकवा, चिडचिड, पोट सुटलंय, बायकोजवळ जायची इच्छाच राहिली नाही, मग शहरातल्या एका क्लिनिकात गेलात, त्यांनी संध्याकाळी साडेसहाला रक्त घेतलं, टेस्टोस्टेरॉन २७८ आलं आणि लगेच सांगून टाकलं की हार्मोन उतरलंय, इंजेक्शनचा कोर्स करा, पॅकेज आहे. आणि तुम्ही विचारायलात की घ्यावं का.

आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही बरं का, औषध खरं आहे, ज्याच्यात खरंच कमी आहे त्याला त्याचा फायदा होतो, मी बघितलंय. पण तुमच्या हातात जो कागद आहे त्याच्यावर काहीच ठरवता येत नाही. मी लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, औषध सांगायचा मला अधिकार नाही, पण हे सॅम्पल कुठं कुठं चुकतं ते रोजच्या कामात दिसतं म्हणून एवढं लांबलचक लिहायलोय.

पहिली गोष्ट वेळेची. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं, पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त आणि दुपारनंतर उतरत जातं, वय वाढलं की हा फरक कमी होतो पण असतो. खाल्ल्यावर पण ते तात्पुरतं खाली येतं. म्हणून सॅम्पल सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी परत एकदा तसंच. दोन्ही वेळेस कमी आलं तरच कमी म्हणायचं. तुमचं सॅम्पल संध्याकाळचं, त्यात शाळा सुटल्यावर चहा-नाश्ता झालेला असणार.

आता हे संध्याकाळीच काहून होतं ते सांगतो. आमच्याकडं ही टेस्ट करायला येणारा माणूस चिठ्ठीच्या चार घड्या करून आणतो, काउंटरवर पोरगी बसलेली असली की बाजूला पेपर वाचत उभा राहतो, मी दिसलो की चिठ्ठी हातात देतो आणि हळूच म्हणतो, हे जरा बघा. सकाळी लॅबमध्ये गर्दी असते, गावातलं कुणीतरी भेटतंच, म्हणून लोक अंधार पडायच्या टायमाला येतात. सकाळी या म्हणलं तर अर्धे परत येत नाहीत. म्हणजे लाजेपायी वेळ चुकते, वेळेपायी आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर माणसाच्या दंडात सुई जाते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, तो २७८ आकडा. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० च्या खाली कमी धरते, एंडोक्राइन सोसायटीच्या गाईडलाइनमध्ये निरोगी तरुण पुरुषांची खालची रेषा २६४ आहे (दोन्ही नॅनोग्रॅम पर डेसीलिटरमध्ये, काही लॅब हेच २.७८ असं छापतात, घाबरू नका). म्हणजे तुमचा आकडा एकाच्या हिशोबाने कमी आणि दुसऱ्याच्या हिशोबाने ठीक, आणि तो पण संध्याकाळचा. सकाळी तोच ३५० पण येऊ शकतो. अजून एक, केस गळतीच्या गोळ्या खाता का? त्यात बऱ्याचदा बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं आणि काही मशीनवर बायोटिनमुळं टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं, थायरॉईडचे रिपोर्ट पण बिघडतात, म्हणून खात असाल तर लॅबला आधी सांगा, दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतील. आणि नुकताच डेंग्यू, टायफॉईड असला काही ताप होऊन गेला असेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या, आजारपणात हे हार्मोन आपोआप खाली जातं.

वय झालं की हार्मोन संपतं हे पण अर्धवटच आहे. बायकांची पाळी जाते तसं पुरुषांत एकदम काही बंद होत नाही, चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का असं हळूहळू उतरतं. युरोपात ८ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास झाला होता, २०१० ला छापून आला. लक्षणं पण आहेत आणि हार्मोन पण खरंच कमी आहे असे त्यात शंभरात दोनच्या आसपास निघाले. थकवा, चिडचिड, झोप नाही असं सांगणारे कितीतरी जास्त होते. म्हणजे थकलेल्या माणसांपैकी बहुतेकांचं कारण दुसरंच असतं.

आणि ते दुसरं कारण शोधणं हेच मुख्य काम आहे. तुम्ही लिहिलंय पोट सुटलंय. पोटाच्या चरबीत एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, त्यात वजन वाढलं आणि शुगर वाढली की रक्तात हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी होतं, मग टोटल टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं पण शरीराला वापरायला मोकळं असलेलं ठीक असू शकतं. म्हणून काठावरचा आकडा आला की एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं दुसरं एक प्रोटीन) तपासून फ्री म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन हिशोबाने काढतात. स्वस्तातल्या किटवर जे डायरेक्ट फ्री टेस्टोस्टेरॉन करतात त्याच्यावर भरवसा ठेवू नका, लॅबवाला असून सांगतो.

शुगर कधी तपासली शेवटची? आमच्याकडं ताकद कमी झाली म्हणून आलेल्या माणसाची तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी ११ च्या वर निघते आणि त्याला पत्ताच नसतो, हे नेहमीचं झालंय. रात्री उठून पाणी पिणं, वजन उतरणं, पायाला मुंग्या हे सगळं अंगावर काढलेलं असतं, डॉक्टरकडं यायला लावलं ते या एका गोष्टीनं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी१२ पण बघायला पाहिजे. घोरता का? झोपेत श्वास अडकण्याचा आजार असला की माणूस दिवसभर मरगळलेला राहतो. गुडघ्यासाठी कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात का, बऱ्याच दिवसांपासून ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, याने पण हार्मोन दबतं. आणि मन खचलेलं असेल, म्हणजे डिप्रेशन, तर त्याची लक्षणं हीच आहेत जशीच्या तशी, त्यावर चांगले उपचार आहेत, फक्त काही गोळ्यांनी इच्छा अजून कमी होते तेवढं डॉक्टरला आधी बोलून घ्यायचं.

एक गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिली नाही पण विचारून ठेवतो, इच्छा नाही की इच्छा आहे पण ताठरता येत नाही? दोन्ही वेगळं आहे. ताठरतेचा प्रश्न असेल तर हार्मोनच्या आधी हृदयाचा विचार करायचा. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळं चोंदायला लागल्या की आधी तिथं कळतं, छातीत दुखणं कधी कधी दोन-चार वर्षांनी येतं. पन्नाशीतला माणूस, तंबाखू खाणारा, बीपी असलेला, अशी तक्रार घेऊन आला तर ईसीजी, कोलेस्टेरॉल, शुगर झालंच पाहिजे. जो क्लिनिकवाला हे न करता थेट इंजेक्शन काढतो त्याच्याकडं परत जाऊ नका.

समजा सकाळचे दोन्ही रिपोर्ट खरंच कमी आले. मग पुढचा प्रश्न कमी कशामुळं. याच्यासाठी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीतून येणाऱ्या हार्मोनच्या टेस्ट करतात. शेतावरचं उदाहरण घ्या, बोअर पाणी देईना तर मोटर जळाली की लाईटच नाही हे आधी बघतो ना आपण. वृषण ही मोटर आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी लाईट, एलएच हा तिचा करंट. एलएच जास्त आणि टेस्टोस्टेरॉन कमी तर बिघाड वृषणात, लहानपणी-तरुणपणी गालगुंड उतरलेलं, मार लागलेला असं काही असतं. एलएच पण कमी तर बिघाड वर, मेंदूकडं. आमच्याकडं आलेल्या एका पन्नाशीतल्या शेतकऱ्याचं प्रोलॅक्टिन इतकं जास्त आलं की मी सॅम्पल परत लावून बघितलं, तेवढंच आलं. डोकं दुखायचं, बाजूने येणारी गाडी दिसायची नाही, सगळे म्हणायचे चष्मा लावा. एमआरआयमध्ये पिट्युटरीवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, आणि ऑपरेशन पण लागलं नाही, कॅबरगोलिनच्या गोळीवर गाठ आक्रसत गेली. त्याला कुणी नुसती टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत बसलं असतं तर डोळे गेले असते.

आता औषधाबद्दल. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले की घ्या, तर लाजू नका, बिनधास्त घ्या. पण त्यातून काय मिळतं ते माहीत असू द्या. ६५ च्या पुढच्या, कमी हार्मोन असलेल्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत अभ्यास झाला, २०१६ ला निकाल आला, वर्षभर जेल लावलं, इच्छा आणि संबंध सुधारले, मूड थोडा बरा झाला, अंगातल्या उत्साहात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. हृदयाची भीती लोकांना असते, त्यासाठी २०२३ चा मोठा अभ्यास आहे, हृदयविकार असलेले किंवा धोका असलेले ४५ ते ८० वयाचे ५ हजारांवर पुरुष होते, हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत, पण ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात रक्ताची गुठळी, किडनीला अचानक त्रास हे थोडं जास्त दिसलं.

आणि पॅकेज, कोर्स हा शब्दच मला खटकला. याचा कोर्स नसतो गुरुजी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरी एलएच सोडायचं बंद करते, वृषण स्वतःचं बनवणं थांबवतात, आकसतात पण. दहा इंजेक्शनं घेऊन थांबलात तर नंतर काही आठवडे, कधी कधी महिने, आधीपेक्षा वाईट जातात. खरंच कमी असेल तर थायरॉईडच्या गोळीसारखं चालू ठेवायचं औषध आहे हे. शुक्राणू पण बंद होतात, म्हणून ज्याला अजून मूल हवंय त्याला हे देतच नाहीत, जिमवाली पोरं हे ऐकतच नाहीत पण तो वेगळा विषय झाला.

दर दोन-तीन आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनात पहिले काही दिवस एकदम जोर आणि शेवटी मरगळ असं वरखाली होतं. १००० मिलीग्रॅमचं लांब चालणारं असतं, पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी, मग १० ते १४ आठवड्यांनी एक, कुल्ल्यात हळूहळू देतात, ते महाग पडतं. जेल रोज खांद्याला लावायचं, हात साबणाने धुवायचे, वरून कपडा घालायचा, कारण नातवाला उचलून घेतलं आणि त्याच्या अंगाला लागलं तर लहान लेकराच्या शरीरावर परिणाम होतो. सुरू करायच्या आधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पाहिजेच, नंतर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढं दरवर्षी. सीबीसीत हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर रक्त घट्ट झालं, औषध थांबवतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल, सहा महिन्यांत अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर देत नाहीत.

रस्त्याच्या कडेला तंबू टाकून बसलेल्यांची ताकदीची पावडर घेऊ नका. असल्या पावडरीत सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि हृदयासाठी सॉर्बिट्रेट खाणाऱ्याने ते घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

तोपर्यंत एक काम चालू करा, पोट कमी करायला घ्या. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपलं आपण वर येतं, हे अभ्यासात दिसलंय. सकाळी शिवारात जोरात चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचा व्यायाम एवढ्याने सुरुवात होते.

डॉक्टर कुठला म्हणाल तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणचा एमडी मेडिसिन चालेल, तपासण्या तोच लिहून देईल. सरकारीत जायचं असेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरची घाटी आहे. एलएच-प्रोलॅक्टिनमध्ये काही निघालं तर मग हार्मोनचा स्पेशालिस्ट, संभाजीनगर किंवा सोयीप्रमाणं सोलापूर, हैदराबाद. जाताना सगळ्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि वहिनींना सोबत घेऊन जा. संकोच वाटेल, पण झोपेत तुमचा श्वास अडकतो का हे डॉक्टर विचारणारच आहेत आणि त्याचं उत्तर तुम्हाला नाही, त्यांनाच माहीत आहे.