गावात फक्त मॅटची विकेट आहे, मुलाला क्रिकेटसाठी पुण्याला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौदा वर्षांचा आहे, ओपनिंगला खेळतो, तालुक्याच्या गावात एकच क्लब आहे आणि तिथं मॅटवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या चटईवर, सराव चालतो. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की मॅटवर खेळून पोरांचे हात बिघडतात, टर्फवर, म्हणजे गवत-मातीच्या विकेटवर गेली की संपली. म्हणून त्याला पुण्याला मावशीकडे ठेवायचं तुमच्या मनात आहे.

नका ठेवू. कारण सांगायला जरा वेळ लागेल, कारण हे "कोणीतरी सांगितलं" मी माझ्याबद्दल पस्तीसहून जास्त वर्षं ऐकतोय.

मी अमळनेरचा. उजव्या हाताचा मिडियम पेस, ऑफ कटर आणि लेग कटर, म्हणजे टप्पा पडून आत किंवा बाहेर वळणारे चेंडू टाकायचो. आमचा क्लब म्हणजे मिलमधले काही जण, कॉलेजची पोरं, दोन मास्तर आणि एक मॅट. सीझन दसऱ्याला सुरू व्हायचा आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत चालायचा. त्यानंतर बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की किट ट्रंकेत जायचं. तेव्हा ऊनही असं असायचं की दुपारी पॅडची बकलं हाताला चटके द्यायची.

मॅट काथ्याची होती. नियमात मॅट किमान 58 फूट लांब आणि 6 फूट रुंद लागते, आमची पूर्ण 66 फुटांची होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. गुंडाळी उचलायला सहा जण लागायचे. सकाळी आधी मुरमावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग मॅट उलगडायची, दोन्ही टोकांनी पहार घालून ताणायची आणि कडेनं खिळे ठोकायचे. हे काम मी कधी कोणावर सोडलं नाही. घट्ट ताणली तर चेंडू सरसर निघतो, बोट-दोन बोटं ढिली राहिली तर काथ्या चेंडूला धरतो. तळहात ठेवून दाबलं की मला कळायचं आज कोणता कटर चालणार. गुड लेंथला भोक पडलं की दाभण आणि सुतळी घेऊन शिवायला बसायचो. कापसाच्या जिनिंगमध्ये गोणी शिवतात तसा टाका, पण गाठ खालच्या बाजूला, नाहीतर चेंडू गाठीवर पडून बॅट्समनच्या तोंडावर जायचा. ही मॅट शिवता शिवता मी बोलिंग शिकलो. चेंडू कुठे पडला की काय होतं, ते मला टाक्याटाक्यानं पाठ होतं.

1987 साली सप्टेंबरमध्ये जिल्ह्यातून आम्हा चौघांना पुण्याला निवड चाचणीला बोलावलं. तोवर मी टर्फ विकेट डोळ्यानं पाहिली नव्हती. पावसाळ्यात आमचं मैदान म्हणजे काळी माती, चार पावलं चाललं की बुटाला दोन शेर चिखल. कापूस यायला अजून वेळ होता, म्हणून एका जिनिंगचं रिकामं गोडाऊन मालकानं दिलं होतं. तिथं फरशीवर मी महिनाभर एकटा बोलिंग टाकली, समोर एक स्टंप आणि मागे पोत्यांची थप्पी. मग पॅसेंजरनं जळगाव आणि जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेलो, पण झोप आली नाही ती आनंदानं.

रात्री तिथं पाऊस झाला होता. सकाळी नेट लावली तेव्हा गवत ओलं होतं. माझ्या पायात कॅन्व्हासचे पांढरे बूट, खाली रबर. मॅटवर स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, चालतच नाहीत, मॅट फाटते, त्यामुळे आमच्या गावात स्पाइकचे बूट कोणाकडे असतील असं माझ्या डोक्यातही नव्हतं. पहिला चेंडू टाकायला धावत आलो, डावा पाय टेकवला आणि तो तसाच पुढे घसरत गेला. मी गुडघ्यावर आपटलो, चेंडू शेजारच्या नेटमध्ये. टेबलामागून एकानं विचारलं, "स्पाइक कुठंयत?" मी म्हणालो, "नाहीत." रांगेतल्या एका मुलानं त्याचे दिले. मला सात नंबर लागतो, ते नऊ नंबरचे होते. पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचे बोळे कोंबून घातले.

बोलिंग टाकताना माझा उजवा पाय घासत यायचा. आमच्या मुरमावर त्याचं काही वाटत नव्हतं. इथं स्पाइक मातीत अडकायचा आणि ऐन चेंडू सोडताना कोणी मागून पँट धरल्यासारखं व्हायचं. जो टप्पा आमच्याकडे छातीपर्यंत चढायचा तो इथं मांडीच्या वर येत नव्हता. कटर बोटातून बरोबर सुटायचा, पण ओल्या टर्फवर पडून सरळ निघून जायचा. समोरच्या पोरानं मला आरामात खेळून काढलं, तीनदा तर सरळ माझ्या बाजूनं ड्राइव्ह मारला.

दोन ओव्हर मिळाल्या होत्या. अकरावा चेंडू टाकायच्या आधी मी टप्प्याची जागा नीट पाहिली. मॅटवर शिवणकाम करताना बघायचो तशी. रनअप दोन पावलं कमी केला, पाय उचलून आणला, बोटं शिवणीवर आडवी फिरवायच्या ऐवजी जोर देऊन खाली ओढली आणि चेंडू हातभर पुढे टाकला. तो पडला, जरा थांबला आणि लेग स्टंपवरून बॅटची कड चुकवून ऑफच्या बाहेर गेला. कीपर ओरडला. बारावाही तसाच पडला, पण बॅट्समननं सोडून दिला. माझं झालं होतं. टेबलाजवळून जाताना वही लिहिणारा शेजारच्याला म्हणाला, "मॅटिंगचा बोलर दिसतो," आणि पान उलटलं. मी बूट काढून त्या मुलाला दिले, बोळे खिशात घातले.

त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला नागपूरला चेतन शर्मानं न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे. शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर सगळी गल्ली नाचत होती. मी उठून घरी आलो.

आता मूळ मुद्दा. गावात परतल्यावर आमच्या कप्तानानं सगळ्यांना सांगितलं की मॅटनं पोराचा घात केला, टर्फवर शिकला असता तर महाराष्ट्राकडून खेळला असता. लोक हळहळले. मलाही बरं वाटलं, कारण त्यात माझी चूक नव्हती. काही आठवडे मीही तेच सांगत फिरलो. मग दिवाळीच्या साफसफाईत कप्तानाच्या घरी काही कामानं गेलो, तर अंगणात त्याच्या आईनं ट्रंकेतलं सामान उन्हात टाकलं होतं. त्यात स्पाइकचे बूट. खिळे गंजलेले, चामडं कडक झालेलं. आठ नंबर. दोन मोजे चढवले असते तर मला बसले असते.

तो स्वतः तीन वर्षांपूर्वी तशाच चाचणीला जाऊन आला होता. तिथलं गवत, ओलावा, बूट, चेंडू किती उसळतो, सगळं त्याला माहीत होतं. मला स्टेशनवर सोडायला तो आला होता, खिशात वीस रुपये घातले, डोक्यावर हात ठेवला आणि बुटाबद्दल एक शब्द बोलला नाही. मी तिथंच विचारलं, का नाही सांगितलं? म्हणाला, "तू इचारं का माले?" म्हणजे, तू मला विचारलंस का?

यावर आमचं भांडण आहे ते आजपर्यंत. मी विचारलं नाही हे खरंच आहे. पण ज्यानं टर्फ पाहिलीच नाही तो काय विचारणार? त्याच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. तो आपल्या अपयशाबद्दल बोलायला लाजत होता, हे मला वयानं कळलं. पण त्याची लाज माझ्या बारा चेंडूंवर भारी पडली, आणि दोष मात्र मॅटला लागला. पुढे कमिटीत त्यानंच हट्ट धरून मॅट काढली, सिमेंट करून वर हिरवं कार्पेट टाकलं. मी एकटा विरोधात होतो. सिमेंटवर चेंडू उसळतो, पण बोटांना काही शिकवत नाही. मॅट एका मंडपवाल्यानं नेली. आणि स्वतःच्या मुलाला त्यानं अकराव्या वर्षी पुण्याला नातेवाइकांकडे ठेवलं. दोन वर्षांनी पोरगा परत आला तो क्रिकेट सोडूनच. पाहुण्यांच्या घरी सकाळी पाचला उठून दोन बस बदलायच्या, कोणाला "भूक लागली" म्हणायची चोरी. ते पोर चांगलं खेळायचं. मी त्याला खेळताना पाहिलंय.

मॅटवरचा खेळाडू टर्फवर चालत नाही, हे खोटं आहे. ऑक्टोबर 1952 मध्ये लखनौची भारत-पाकिस्तान कसोटी तागाच्या मॅटवर झाली. पाकिस्तानच्या फझल महमूदनं 12 बळी घेतले आणि आपण डावानं हरलो. तोही कटर टाकायचा. कोणी म्हणेल मॅट होती म्हणून. मग 1954 मध्ये ओव्हलवर, इंग्लंडच्या गवतावर, त्यानंच पुन्हा 12 बळी घेऊन पाकिस्तानला जिंकवलं, त्याचं काय? हा दाखला मी कप्तानाला किती वेळा दिला याची गणती नाही. तो म्हणतो, तो फझल होता, तू तू होतास. बरोबर आहे. पण मला टर्फ समजायला अकरा चेंडू लागले. दहा दिवस मिळाले असते तर काय झालं असतं, हे त्यानं एकदा तरी माझ्यासमोर बसून बोलावं.

तुमचा मुलगा बॅट्समन आहे आणि मी सगळं बोलिंगचंच सांगत बसलो. मॅटवर उसळी खरी मिळते, त्यामुळे पोरं मागच्या पायावर पक्की होतात, कट आणि पुल लवकर येतो. पुढच्या पायावर मात्र कच्ची राहतात. टर्फवर चेंडू खाली राहिला की एलबीडब्ल्यू होतात किंवा अर्ध्यात अडकून बोल्ड. ते घरीही सुधारता येतं. सराव संपून मॅट गुंडाळली की त्याच उघड्या जमिनीवर अर्धा तास टेनिस बॉलनं खालून टाकून द्या, प्रत्येक चेंडू पुढे येऊन, डोकं चेंडूवर ठेवून खेळायला लावा. सीझन बॉलनं उघड्या मुरमावर खेळवू नका, तोंड फुटेल.

टर्फसाठी पुण्याला राहायला जायची गरज नाही. नाशिकला अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, त्या बाजूला टर्फवर सराव देणारा कोणी मिळतो का ते बघा. सुट्टीत दहा-पंधरा दिवस न्या, स्वतः बरोबर राहा.

हेही सांगायला हवं की माझा अनुभव जुना आहे. आता पोरांकडे मोबाइल आहे, चाचणीला काय न्यायचं ते त्यांना आधी कळतं. तुमच्या क्लबातला कोच खरंच वाईट असेल, किंवा मुलगा सोळाचा होऊन जिल्ह्यात सगळ्यांना पुरून उरत असेल, तर वेगळा विचार करा. मावशी मायेची असेल तर तिच्यावर माझं काही म्हणणं नाही. पण चौदाव्या वर्षी, केवळ मॅट आहे म्हणून, नको.

बूट आत्ताच घ्या, चाचणीची तारीख आली की नाही. बॅट्समनसाठी पुढे खिळे आणि टाचेला रबर असलेले मिळतात, तसले बघा. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो, आणि जाड मोजा घालून माप घ्या. खिळे काढून पुन्हा बसवायची किल्ली बरोबर येते, ती किटच्या कप्प्यात बांधून ठेवा. आधी त्याला ते घालून नुसतं ओल्या गवतावर पळू द्या, धाव घेऊन वळू द्या. आणि तुमच्या क्लबात पूर्वी चाचणीला जाऊन आलेला जो कोणी असेल त्याच्या घरी मुलाला घेऊन जा. तो आपण होऊन बोलणार नाही, तुम्हीच विचारा.