आधी गाव ठरव

प्रिय मित्रा,

टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग या कुस्ती कंपनी चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी तू रचलेली, अमेरिकेतल्या टोलेडो शहराची कंपनी पाहिली. 64 पैलवान, विजेतेपदाचे आठ पट्टे, 1974 पासूनचा इतिहास, तीन लोगो. आणि खाली प्रश्न, की खेळायला घेतली की सहा महिन्यांत कंटाळा का येतो? अरे, तू पैलवानांची जनगणना केलीस, कंपनी कुठे केलीस? आधी गाव, मग पैलवान. मागेही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगतोय.

गाव म्हणजे नुसता नकाशावरचा ठिपका नव्हे. शो कुठल्या वारी, सभागृहात खुर्च्या किती, तोच प्रेक्षक पुन्हा किती दिवसांनी येणार, एवढं ठरलं की अर्धी कंपनी आपोआप बसते. मेम्फिसच्या जुन्या कंपनीचं बघ. सोमवारी मेम्फिस, मंगळवारी लुईव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल, शनिवारी सकाळी स्टुडिओतून थेट टीव्ही. तोच माणूस दर सोमवारी तिकीट काढणार म्हटल्यावर दर आठवड्याला काहीतरी बदलणं भागच होतं. म्हणून तिथे पट्टे सारखे हात बदलायचे, हरेल त्याने गाव सोडायचं अशा अटीवर सामने लागायचे आणि ज्याला माइकवर बोलता येईना त्याचा निभाव कठीण. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला शो साधारण महिन्याने एकदा. तिथे ब्रुनो सामार्तिनोकडे पट्टा 17 मे 1963 ते 18 जानेवारी 1971 राहिला. बदलायचे ते आव्हान देणारे, दोन-तीन सामने झाले की पुढच्या इलाख्यात रवाना. तुझ्याकडे शो महिन्यातून एक आणि पट्टा 61 वेळा बदललेला. का बदलला, सांगता येईल? नाही येणार. गावच ठरलेलं नाही ना.

आणि 1974 कुठून काढलंस? त्या काळी डेट्रॉइटपासून टोलेडोपर्यंतचा मुलूख 'द शीक' या पैलवान-प्रमोटरचा. एनडब्ल्यूए, म्हणजे नॅशनल रेसलिंग अलायन्स या संघटनेचे प्रमोटर एकमेकांच्या हद्दीत शिरत नसत. जो शिरे तो 'आउटलॉ', आणि त्याच्याकडे काम केलेल्या पैलवानाला बाकीचे दारात उभं करायला नाखूश. तेव्हा एकतर कंपनी आउटलॉ कर आणि मोठी नावं निमूटपणे काढून टाक, नाहीतर स्थापना 1981 धर, कारण शीकचा कारभार 1980 च्या सुमारास बंद पडला. मी दुसरं घेईन. वर्षानुवर्षं तेच रक्त, तोच निकाल पाहून विटलेलं गाव आहे ते. त्याला काय दाखवलं तर ते पुन्हा तिकीट काढेल, याच्या उत्तरातून तुझं प्रॉडक्ट, म्हणजे कंपनीच्या कुस्तीची शैली, निघतं. यादीतून आवडलं म्हणून निवडायचं नसतं. कामगिरीला गुण देणारं प्रॉडक्ट आणि यादीत सगळे पंचेचाळिशीतले हाणामारीवाले, ही तुझी आत्ताची गत आहे. मेन इव्हेंट, म्हणजे शोचा मुख्य सामना, पडणारच.

आता आकडे. 24 पैलवान पुरे. वरचे 4, त्यांच्या खालचे 6, मधले 8, सुरुवातीचे 6, आणि यातच दोघा-दोघांच्या तीन टॅग जोड्या बसव. पट्टे दोन, एक एकेरी आणि एक टॅग. अकरा बेबीफेस म्हणजे नायक, अकरा हील म्हणजे खलनायक, दोन कुठेही वळवता येतील असे. सगळ्यात वरच्या माणसाला घरच्या विभागात लोकप्रियता 45 दे, शेजारच्या विभागात 15, बाकी सगळीकडे 0 ते 5. तू सरसकट 60 दिलेस, मग मोठ्या कंपनीने त्याला पहिल्याच महिन्यात उचललं तर रडतोस कशाला? कौशल्यांचंही तेच. प्रत्येकात एक भोक हवं. हाणामारी 72 पण दम 38 असला की त्याला वीस मिनिटांचा सामना देता येत नाही, मग तू त्याच्या बाजूने मॅनेजर घुसवतोस, सामना बारा मिनिटांत उरकतोस, आणि खेळाला मजा येते. सगळे 75 असतील तर नावं झाकून बघ, कोण कुठला ते तुलाच ओळखता येणार नाही.

मग गेममध्ये स्वतः दुसरी कंपनी घे, टोलेडो कॉम्प्युटरला चालवू दे आणि कॅलेंडर बारा महिने पुढे ढकल. टोलेडो चौथ्या महिन्यात बुडाली तर पगार कमी कर. सुरुवातीची शिल्लक वाढवणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. पैसा तिप्पट झाला तर पगार फार कमी धरलेत.

मला हट्टी म्हणशील, म्हण. मुखवटे आणि फिनिशरची, म्हणजे सामना संपवणाऱ्या डावांची, नावं आधी सुचतात, त्यात मजा असते, ठाऊक आहे. ती नावं वहीत लिहून ठेव, फाइलमध्ये नको. कॉर्नेलव्हर्स हे गेमसोबत येणारं काल्पनिक कुस्तीविश्वसुद्धा गेमचा निर्माता अॅडम रायलँडने आवृत्तीमागून आवृत्ती वाढवत नेलं आणि तुला मात्र पन्नास वर्षांचा इतिहास एका रविवारात हवा.

पुढची फाइल पाठवशील तेव्हा लोगो नकोत. खुर्च्या किती, वार कुठला, आणि टोलेडोचा शो संपल्यावर गाडी कुठे जाते एवढंच लिही. डेट्रॉइट जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे, तिथे जाणार की नाही तेही.